डावा कान काढायचा, उजवा राखायचा: एका कॉकर स्पॅनियलचं प्रकरण

पार्श्वभूमी

चेरी (नाव बदललं आहे) ७ वर्षांची कॉकर स्पॅनियल. वजन साडेबारा किलो, नसबंदी झालेली, लसीकरण वेळेवर. घर चिपळूणजवळ, खाडीला लागून. घरात निवृत्त शिक्षक काका, काकू आणि ती. मुलगी नोकरीनिमित्त पुण्यात. आहार आमच्या भागातल्या बहुतेक घरगुती कुत्र्यांचा असतो तोच: चिकन-भात, सकाळी दूध-चपाती, अधूनमधून माशांची डोकी.

कानाचं दुखणं दुसऱ्या वर्षी सुरू झालं. मृगाचा पाऊस लागला की कान खाजवायचे, डोकं झटकायचं, काळपट मळ यायचा. ड्रॉप्सनी दहा-बारा दिवसांत आराम पडायचा आणि पुढच्या पावसात पुन्हा तेच. चौथ्या वर्षापासून मात्र पाऊस संपला तरी कान वाहायचा थांबेना. मळाच्या जागी हिरवट पू आला आणि खोलीत शिरताच जाणवेल असा वास. या काळात दोन-तीन दवाखाने बदलून झाले. ड्रॉप्सची नावं बदलत गेली, पण घटक जवळजवळ तेच राहिले: एक प्रतिजैविक, एक बुरशीनाशक, एक स्टेरॉइड. कानातला स्राव काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याची नोंद जुन्या कागदांत कुठेही नव्हती. उरलेली बाटली फ्रीजमध्ये ठेवून पुढच्या वेळी वापरली जायची. काकूंना त्यासाठी बोल लावण्यात अर्थ नाही. दर वेळी तेच औषध लिहून मिळत असेल तर कोणतंही घर हेच करेल.

कॉकरची जात इथे महत्त्वाची आहे. लोंबते कान आणि दमट हवा ही अडचण आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट कानाच्या नळीच्या आत असते. या जातीत मेण तयार करणाऱ्या ग्रंथी भरपूर असतात आणि दाह झाला की त्या इतर जातींपेक्षा फार जोमाने वाढतात. नळी आतून जाड होत जाते, मग तंतुमय होते, आणि दाह वर्षानुवर्षं चालू राहिला तर भिंतीत कॅल्शियम साचून चक्क हाड तयार होतं.

तक्रार

माझ्याकडे आल्यावर काकूंचं पहिलं वाक्य कानाबद्दल नव्हतंच. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, ही हल्ली अंगावर येते हो. आमची चेरी कधी कुणावर गुरगुरली नव्हती." शेजारच्या मुलाने डोक्यावरून हात फिरवला तेव्हा तिने दात लावले होते. विचारत गेल्यावर बाकीचं कळलं. बिस्किट पाण्यात भिजवून दिलं तरच खायची. जांभई अर्ध्यावर सोडून केकाटायची. डाव्या कुशीवर झोपणं कधीच बंद झालं होतं.

जबड्याचा सांधा मधल्या कानाच्या पोकळीला लागून असतो. त्या पोकळीला बुला म्हणतात. तोंड उघडताना दुखतंय म्हणजे आजार नळीपुरता राहिलेला नसावा, अशी शंका तिथेच आली. स्वभाव बिघडलेला वाटत होता, पण खरं तर ती वेदनेत होती. हे काकूंना सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ तिच्या पाठीवर हात ठेवून बसल्या.

तपासणी

कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली उतरते आणि मग काटकोनात वळून पडद्याकडे जाते. उभा भाग बाहेरून, कानाच्या मुळाशी, बोटांत धरता येतो. निरोगी कानात तो चिमटीत दबतो आणि सोडला की पूर्ववत होतो. उजवीकडे तो जाड होता, पण दबत होता. डावीकडे बोटांना टणक, न हलणारा दांडा लागला; जरा दाब पडताच चेरीने मान फिरवली. कानाच्या आजारात या दोन बोटांच्या चाचणीइतकं स्वस्त आणि बोलकं दुसरं काही नाही, आणि ती फार कमी वेळा केली जाते.

गुंगी देऊन ऑटोस्कोप, म्हणजे कानात पाहण्याची दुर्बीण, लावला. डावीकडे तोंडाशीच फुलकोबीसारखी मांसल वाढ होती, तिचं लहान मुलांच्या मापाचं नळकांडंही आत जाईना. उजवीकडे नळी सुजलेली, पण वाट होती. स्रावात डावीकडे पांढऱ्या पेशींचा खच आणि दांड्याच्या आकाराचे जिवाणू. उजवीकडे मुख्यतः मॅलासेझिया ही यीस्ट. कल्चरमध्ये, म्हणजे स्रावातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहिल्यावर, डाव्या कानातून स्यूडोमोनास हा जिवाणू आला, एन्रोफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकाला दाद न देणारा. इतकी वर्षं अर्धवट मात्रेत औषधं जात राहिल्यावर हे अनपेक्षित नव्हतं. थायरॉइडची तपासणीही केली, कारण मध्यमवयीन कॉकरमध्ये त्वचा आणि कान बिघडण्यामागे तेही कारण असू शकतं. ती व्यवस्थित आली.

पहिला निर्णय: सूज आहे की हाड?

शस्त्रक्रियेचा विषय त्याच दिवशी निघाला, पण एक प्रश्न आधी सोडवायला हवा होता. नळी सुजेमुळे बंद असेल तर स्टेरॉइडने उघडते. तंतुमय किंवा हाडासारखी झाली असेल तर नाही. म्हणून प्रेडनिसोलोन रोज किलोमागे १ मिलिग्रॅम याप्रमाणे ३ आठवडे दिलं आणि त्यानंतर हळूहळू कमी केलं. वेदनेसाठी गॅबापेंटिन निवडलं. मेलॉक्सिकॅम हे दुसरं वेदनाशामक घरात आधीपासून होतं, ते कटाक्षाने बंद करायला सांगितलं. स्टेरॉइडसोबत ते दिल्यास पोटात अल्सर होण्याचा धोका मोठा असतो. कानात घालायचे, जेंटामायसिन हे प्रतिजैविक असलेले ड्रॉप्सही थांबवले. पडदा शाबूत आहे की फाटलाय हे माहीत नसताना ते आतल्या कानाला घातक ठरू शकतात.

तीन आठवड्यांनी दोन्ही कानांनी वेगवेगळं उत्तर दिलं. उजवा उघडला, पडदा पूर्ण दिसला, यीस्ट औषधाला बधली. डावा होता तिथेच राहिला. स्राव थोडा कमी झाला, दांडा टणकच.

या तीन आठवड्यांमुळे उजवा कान वाचला, असं माझं ठाम मत आहे. पहिल्या दिवशी दोन्हीकडच्या नळ्या जाड झालेल्या होत्या, आणि घाईत दोन्हीकडच्या शस्त्रक्रियेचा सल्ला देणं अवघड नव्हतं.

दुसरा निर्णय: घाट चढून सीटी

एक्स-रे जवळपास होऊ शकत होता आणि त्यात नळीतलं कॅल्शियम दिसलंही असतं. पण एक्स-रेत बुला स्वच्छ दिसली म्हणून आत रोग नाही असं म्हणता येत नाही, आणि पुढचा सगळा निर्णय बुलावर अवलंबून होता. सीटीसाठी पुणे गाठणं भाग होतं. भूल द्यावी लागणार होती, खर्च होता, आणि कुंभार्ली घाटातून डोकं दुखणाऱ्या कुत्रीला नेणं म्हणजे तिच्यासाठी शिक्षाच. काकांचा प्रश्न रास्त होता: "ऑपरेशन करायचंच असेल तर परत फोटो कशाला?"

त्यांना सांगितलं की शस्त्रक्रिया एक नाही, तीन आहेत. कोणती करायची ते सीटी ठरवेल. शिवाय आत गाठ असेल तर सगळा विचारच बदलेल.

अहवालात डावी नळी उभी-आडवी दोन्ही भागांत कॅल्शियमने भरलेली, डाव्या बुलात मऊ ऊतक आणि तिची हाडाची भिंत जाड झालेली दिसली. आसपासचं हाड गाठीने खाल्ल्याची खूण नव्हती. उजवी बुला हवेने भरलेली, स्वच्छ.

पर्याय

औषधांवरच राहणं हा पहिला पर्याय. बंद नळीतून ड्रॉप्स आत पोचत नाहीत आणि पोटातून दिलेलं औषध पू भरलेल्या पोकळीत पुरेसं उतरत नाही. वेदना चालू राहणार, जिवाणू आणखी निर्ढावणार. भूल सोसणार नाही अशा एखाद्या म्हाताऱ्या कुत्र्यासाठी मी हा मार्ग विचारात घेतला असता. चेरीचं हृदय आणि मूत्रपिंडं ठणठणीत होती.

दुसरा पर्याय उभ्या नळीची बाहेरची भिंत काढून ती उघडी करण्याचा. ही शस्त्रक्रिया सोपी, स्वस्त आणि घराजवळ होऊ शकणारी. काकांना ती आधीच कुणीतरी सुचवली होती आणि त्यांचा कलही तिकडे होता. नळीत हवा खेळावी, औषध नीट घालता यावं, एवढाच तिचा हेतू. आडवी नळी आणि मधला कान निरोगी असेल तरच ती उपयोगाची. चेरीची आडवी नळी हाडासारखी आणि बुला भरलेली होती. त्यातून कॉकरमध्ये या शस्त्रक्रियेला बहुतांश वेळा अपयश येतं, हे १९९० च्या दशकापासून नोंदलं गेलंय. करून पाहू, नाही जमलं तर मोठी करू, हा विचार ऐकायला समंजस वाटतो. प्रत्यक्षात कुत्र्याला दोनदा भूल, दोनदा जखम आणि मधले महिने तीच वेदना भोगावी लागते.

फक्त उभी नळी काढण्याचा तिसरा पर्याय आडव्या नळीमुळेच बाद झाला.

उरली ती संपूर्ण नळी काढून बुला बाहेरच्या बाजूने उघडून साफ करण्याची शस्त्रक्रिया. या दोन गोष्टी एकत्रच करतात, कारण नळी काढून बुला तशीच ठेवली तर आतला पू त्वचेखाली वाट शोधतो. धोके काकूंना एकेक करून सांगितले. चेहऱ्याचा मज्जातंतू आडव्या नळीला खेटून वळसा घेतो. तो ताणला गेला तर पापणी मिटत नाही, ओठ लोंबतो. बहुतेकदा हे काही आठवड्यांत सुधारतं, थोड्या कुत्र्यांत कायम राहतं. मान कलणं, तोल जाणं, रक्तस्राव. महिन्यांनी किंवा वर्षाने जवळपास ५ ते १० टक्के कुत्र्यांत आत राहिलेल्या अस्तरामुळे गळू येऊ शकतं.

काकूंनी विचारलं, "मग तिला ऐकू येणारच नाही?" त्या कानाने आत्ताही जवळजवळ येत नव्हतं. डोळ्याआडून डावीकडे किल्ल्या वाजवल्या तेव्हा चेरीने उजवीकडे पाहिलं होतं. नळी गेल्यावरही हाडावाटे काही कंपनं पोचतात, पण आवाजाची दिशा तिला कळणार नाही आणि रस्त्यावर पट्टा कधीच सोडायचा नाही, हे आधीच बजावलं. बाहेरचं लोंबतं पान तसंच राहतं. समोरून पाहणाऱ्याला फरक फारसा कळत नाही. या गोष्टीने घरच्यांना मी अपेक्षिलं होतं त्याहून जास्त धीर आला.

शस्त्रक्रिया

पुण्यातल्या एका शल्यचिकित्सकाने ती केली, मी सोबत होतो. आयसोफ्लुरेनवर भूल, रात्रभर फेंटॅनिल या वेदनाशामकाची धार आणि जखमेच्या भागात बधिर करणारं बुपिव्हाकेन. ही फार दुखणारी शस्त्रक्रिया आहे. वेदनाशमनाची तयारी नसेल तिथे ती करूच नये.

कानाच्या तोंडाभोवती गोल छेद, त्याखाली उभा छेद, आणि मग कूर्चेला चिकटून खाली उतरत जायचं. सगळं कौशल्य या चिकटून राहण्यात आहे, कारण मज्जातंतू बाहेरच्या बाजूला असतो. चेरीच्या नळीभोवती वर्षांच्या दाहाने सगळं एकमेकांत विणलं गेलं होतं. आडव्या नळीच्या खालच्या अंगाला मज्जातंतू दिसला, शिवणाच्या जाड दोऱ्याएवढा पांढरा, कॅल्शियम झालेल्या भिंतीला थेट चिकटलेला.

इथे शल्यचिकित्सक थांबले. तंतूलगतचा कूर्चेचा छोटा तुकडा जागेवर सोडला तर चेहरा शाबूत राहण्याची शक्यता जास्त, पण त्या तुकड्यासोबत संसर्ग झालेलं अस्तरही राहणार. तंतू सोडवून तुकडा काढला तर चेहरा काही काळ लुळा पडणार हे जवळजवळ नक्की. त्यांनी ओल्या कापसाच्या बोळ्याने, जराही न ओढता, तंतू बाजूला केला आणि सगळी नळी काढली. वेळ गेला, पण मला तो निर्णय पटला. लुळेपणा बरा होऊ शकतो, आत राहिलेलं अस्तर स्वतःहून जात नाही.

मग बुलाची बाहेरची भिंत कातरली. आतून पनीरसारखा घट्ट पू आणि जाड झालेलं अस्तर निघालं. खरवडताना बुलाचा वरचा-आतला कोपरा सोडून दिला, तिथे तोलाचा अवयव असतो. सलाइनने भरपूर धुऊन, आतला नमुना कल्चरला पाठवून जखम बंद केली. सुमारे अडीच तास लागले. काढलेली नळी पॅथॉलॉजीला गेली. कॉकरच्या जुन्या कानात ग्रंथींचा कर्करोग लपलेला असू शकतो, म्हणून हा खर्च टाळायचा नसतो.

नंतरचे आठवडे

शुद्धीवर आल्यावर डावी पापणी मिटत नव्हती, ओठ खाली आला होता, मान थोडी कललेली. मान तीन-चार दिवसांत सरळ झाली. डोळ्यात कृत्रिम अश्रू दर चार तासांनी, रात्री मलम, असं वेळापत्रक काकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करत पाळलं. घास डाव्या गालात अडकायचा, तो काकू बोटाने काढायच्या. जखम खाजवू नये म्हणून गळ्यात घातलेला प्लास्टिकचा कोन टाके निघेपर्यंत उतरवू दिला नाही.

बुलाच्या कल्चरमध्ये स्यूडोमोनाससोबत स्टॅफिलोकोकस हा दुसरा जिवाणू आला. अहवाल पाहून सेफ्टाझिडीम हे प्रतिजैविक निवडलं. त्याची इंजेक्शनं आमच्या दवाखान्यातला मदतनीस घरी जाऊन देत होता आणि काही काकांनी शिकून स्वतः दिली. पॅथॉलॉजीत जुनाट दाह, ग्रंथींची वाढ आणि हाड तयार झाल्याचा उल्लेख होता, कर्करोग नव्हता.

पापणीची हालचाल पाचव्या आठवड्याच्या सुमाराला परतली. ओठ आजही किंचित सैल आहे.

निष्पत्ती

टाके काढायला आली तेव्हाच चेरी कोरडं बिस्किट कुरकुरीत चावत होती. शेजारच्या मुलाला पुन्हा हात लावू देते. काकू म्हणाल्या, "डॉक्टर, ही म्हातारी झाली असं वाटत होतं आम्हाला. ती परत खेळायला लागली." हे वाक्य मी अशा शस्त्रक्रियेनंतर बऱ्याच घरांतून ऐकलंय. वेदना हळूहळू वाढते, म्हणून ती घरच्यांना वय वाटू लागते.

खाज मात्र गेली नव्हती, आणि जाणारही नव्हती. कान हे तिच्या त्वचेच्या आजाराचं एक टोक होतं. पंजे चाटणं, काखेतली लाली हे सगळं तिथेच होतं. स्टेरॉइड पूर्ण थांबल्यावर आहार चाचणी घेतली, कारण स्टेरॉइड चालू असताना तिचा निकाल वाचता येत नाही. ८ आठवडे फक्त हायड्रोलाइज्ड प्रथिनांचं, म्हणजे ॲलर्जी उठू नये इतके बारीक तुकडे केलेल्या प्रथिनांचं खाद्य, बाकी एक घासही नाही. खाज निम्म्याहून कमी झाली. मग मुद्दाम चिकन दिलं आणि चार दिवसांत पंजे पुन्हा लाल झाले. चिकन कायमचं बंद झालं. उरलेल्या, मुख्यतः पावसाळी खाजेसाठी आगोटीपासून दिवाळीपर्यंत गोळी चालते.

दीड वर्ष झालं, डाव्या बाजूला गळू नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी संधी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीची होती. दर पावसात दोन्ही कान बिघडतात, पंजे लाल होतात, म्हणजे कारण कानात नाही, ॲलर्जीत आहे. ८ आठवड्यांची आहार चाचणी तेव्हा झाली असती तर डावा कान कदाचित राहिला असता. दर भेटीला एक काचपट्टी, एवढ्यानेही दांड्यांचे जिवाणू कधी आले ते कळलं असतं. सूज असतानाच स्टेरॉइड पोटातून पुरेशा मात्रेत देऊन नळी उघडली असती तर हाड तयार व्हायला वेळच मिळाला नसता.

शस्त्रक्रियेआधी दोन्ही डोळ्यांतले अश्रू कागदी पट्टीने मोजायला हवे होते. कॉकरमध्ये कोरड्या डोळ्याचा आजार तसाही आढळतो. नंतर मोजल्यावर डाव्या डोळ्यात अश्रू कमी निघाले, आणि ते तंतूमुळे की आधीपासूनच, हे आता सांगता येत नाही. या शस्त्रक्रियेला पाठवताना ही पाच मिनिटांची चाचणी चिठ्ठीत असावी.

वेदनेचं औषधही वर्षभर आधी सुरू व्हायला हवं होतं. बिस्किट भिजवून द्यावं लागतंय, ही माहिती घरात होती. ती कुणी विचारली नव्हती.

दोन्ही कान एकाच वेळी करावेत का, हा प्रश्न ज्यांच्या कुत्र्यांचे दोन्ही कान गेलेत त्यांना पडतो. दोन्हीकडे एकदम केल्यास घशाजवळची सूज श्वासाला अडथळा आणू शकते, त्यामुळे बहुधा काही आठवड्यांचं अंतर ठेवणं बरं. चेरीबाबत ती वेळ आली नाही.

उजव्या कानाचं पुढचं मात्र आत्ताच लिहून ठेवलंय. आठवड्यातून एकदा सफाई, आठवड्यातून दोनदा फक्त स्टेरॉइडचे ड्रॉप्स, पावसाळ्यात दरमहा आणि एरवी तीन महिन्यांनी काचपट्टी. स्रावात दांड्याचे जिवाणू दिसले तर त्याच दिवशी कल्चर. उभी नळी चिमटीत दबायची थांबली, किंवा तीन आठवड्यांच्या स्टेरॉइडनंतर पडदा दिसला नाही, तर ड्रॉप्स न बदलता थेट सीटी. या कागदाची एक प्रत काकूंकडे फाइलमध्ये आहे, एक मुलीकडे पुण्याला.